निराशेचें काव्य आणि मेघाचा ‘द’

आधुनिक काव्याविषयीं घरांतील वडील मंडळींची एक ठराविक तक्रार असते. या काव्यांत देवावर श्रद्धा नाहीं, निसर्गाचा आनंद नाहीं, संसाराची गोडी नाहीं. जिकडे तिकडे धूळ, कंटाळा आणि मरण! असलीं पुस्तकें कोवळ्या वयाच्या मुलामुलींच्या हातीं पडलीं तर त्यांच्या मनाची उभारी नाहींशी व्हावयाची. मग तीं घरांत येऊं तरी कां द्यावीं? उलट तरुण मंडळींचें म्हणणें असें कीं, जग जसें आहे तसें दाखविणें हेंच कवीचें काम होय. आशेचीं गाणीं गाणारे कवि भोळे तरी असावेत किंवा खोटे तरी असावेत, आणि निराशा बोलून दाखविणारे तेवढे प्रामाणिक. हा वाद नवा नाहीं व तो लवकर मिटेल असेंही नाहीं. परंतु आम्हांस असें वाटतें कीं, दोन्ही पक्ष एक गोष्ट न तपासतां गृहीत धरतात. ती ही कीं, काव्यांतील निराशा म्हणजे कवीनें जीवनाविरुद्ध दिलेला निकाल. निकाल म्हटला कीं तो मान्य करावयाचा किंवा अमान्य करावयाचा, एवढेंच वाचकाच्या हातीं राहतें. पण दुखणेकरी माणूस कण्हतो तेव्हां तो निकाल देत नसतो. जवळ कोणी आहे काय, हें तो पाहत असतो. उत्तम आधुनिक काव्यांतील निराशा या दुसऱ्या जातीची असते असें आमचें मत आहे, आणि तें एका कवितेच्या आधारानें आज वाचकांपुढें मांडावयाचें आहे.

ती कविता म्हणजे टी. एस्. एलियट यांची ‘द वेस्ट लँड’. मराठींत तिला ‘उजाड भूमि’ म्हणतां येईल. १९२२ सालच्या ऑक्टोबर महिन्यांत लंडनच्या ‘क्रायटेरियन’ या त्रैमासिकाच्या पहिल्याच अंकांत ती प्रसिद्ध झाली, आणि २०२२ सालीं तिला शंभर वर्षें पूर्ण झालीं. सव्वाचारशेंहून थोड्या अधिक ओळी, पांच भाग, अनेक भाषांतील अवतरणें, आणि पुस्तकरूपानें निघतांना कवीनें स्वतः जोडलेल्या टीपा, असें तिचें स्वरूप आहे. इंग्रजी भाषेंतील निराशेचें काव्य म्हटलें कीं पहिल्यानें हिचेंच नांव निघतें. आमच्या वाचकांस तिच्याविषयीं विशेष कुतूहल वाटण्याचें कारण असें कीं, ही पाश्चात्य निराशा शेवटीं बृहदारण्यकोपनिषदाच्या दारीं येऊन उभी राहते.

एलियट यांचा जन्म १८८८ सालीं अमेरिकेंतील सेंट लुई या शहरीं झाला. हार्वर्ड विद्यापीठांत त्यांनीं तत्त्वज्ञानाचा अभ्यास केला, १९१४ सालीं ते इंग्लंडांत गेले आणि पुढें तेथेंच स्थायिक झाले. १९१७ पासून ते लंडनमधील लॉइड्स बँकेंत नोकरीस होते. दिवसा बँकेचें काम, रात्रीं लेखन, पत्नीचें सततचें आजारपण आणि स्वतःची नाजूक प्रकृति, असा त्यांचा संसार चालला होता. बाहेर १९१४ ते १९१८ पर्यंतच्या महायुद्धानें युरोपांतील तरुणांची एक पिढीच्या पिढी खचविली होती. ज्यां व्हेर्देनाल हा एलियट यांचा पॅरिसमधील तरुण मित्र १९१५ सालीं दार्दानेल्सच्या मोहिमेंत मारला गेला होता. १९२१ च्या शरद् ऋतूंत मन इतकें थकलें कीं, बँकेंतून तीन महिन्यांची रजा घ्यावी लागली. कांहीं दिवस मार्गेट या समुद्रकांठच्या गांवीं, आणि नंतर स्वित्झर्लंडमधील लोझान येथें एका डॉक्टरांच्या उपचाराखालीं राहून त्यांनीं ही कविता पुरी केली. एझ्रा पाउंड या कविमित्रानें तिच्यावर कठोरपणें कात्री चालविली. ती किती चालविली हें १९७१ सालीं मूळ हस्तलिखित छापलें गेलें तेव्हां सर्वांस दिसलें. लोझान येथें लिहिलेल्या शेवटच्या भागास मात्र पाउंड यांनीं जवळजवळ हात लावला नाहीं. हाच भाग सर्वांत चांगला, किंबहुना सगळ्या कवितेचें समर्थन त्या एका भागानेंच होतें, असा अभिप्राय एलियट यांनीं १९२३ सालीं बर्ट्रांड रसेल यांस लिहिलेल्या पत्रांत दिला आहे. म्हणजे ही निराशा ऐटीखातर पांघरलेली नव्हती, आणि ज्या भागांत ती उपनिषदाकडे वळते तो भागच कवीला सर्वांत मोलाचा वाटत होता.

कवितेच्या नांवामागें मध्ययुगीन युरोपांतील एक आख्यायिका आहे. जेसी वेस्टन या विदुषीच्या १९२० सालच्या ग्रंथावरून आपणांस कवितेचें नांव व मांडणी सुचली, असें एलियट यांनीं टीपांत सांगितलें आहे. आख्यायिकेचे पाठ अनेक आहेत. त्यांतील सार असें. एका राजास बरी न होणारी जखम झालेली असते, आणि राजाच्या व्यथेबरोबर त्याची भूमिही ओसाड पडलेली असते. तेथें एक तरुण वीर पाहुणा म्हणून येतो. त्यानें राजास त्याच्या दुःखाविषयीं नुसता प्रश्न केला तरी पुरे असतें. पण तेराव्या शतकांतील वोल्फ्राम फोन एशेनबाख या जर्मन कवीनें सांगितल्याप्रमाणें, फार प्रश्न विचारणें हें सभ्य माणसास शोभत नाहीं, अशी त्या तरुणास शिकवण मिळालेली असते. म्हणून समोर व्यथा दिसत असतांही तो गप्प राहतो, आणि सर्व कांहीं जसेंच्या तसें राहतें. पुष्कळ भटकून आणि पुष्कळ सोसून तो परत येतो, तेव्हां तो राजा आपला मामा आहे हें त्यास कळलेलें असतें. आणि मामास काय होत आहे, एवढेंच तो विचारतो. त्या एका प्रश्नानें राजा बरा होतो.

ही गोष्ट ध्यानांत ठेवून कविता वाचली म्हणजे तिच्यांतील काळोख निराळा दिसूं लागतो. पहिल्या भागांत हिंवाळ्यांतील सकाळच्या धुक्यांतून लंडनच्या पुलावरून माणसांचा लोंढा चालला आहे. हे कचेऱ्यांकडे निघालेले नोकरदार; प्रत्येकाची नजर आपापल्या पायांपुढें. कवि स्वतः याच भागांतून रोज बँकेंत जात असे. पण ती गर्दी पाहून त्याला डांटेनें वर्णिलेल्या नरकाच्या वेशीवरील जीवांची आठवण होते. दुसऱ्या भागांत एका श्रीमंत दालनांत स्त्रीपुरुष बसलीं आहेत. ती घाबरलेली, कांहीं तरी बोल म्हणून विनविणारी. तो मनांतल्या मनांत उत्तरें देणारा आणि उघड कांहीं न बोलणारा. त्याच भागांत पुढें गुत्त्यांत बसलेली एक बाई, आपण एका मैत्रिणीला तिच्या संसाराविषयीं कसें तोडून बोललों हें मोठ्या चवीनें सांगत आहे. तिसऱ्या भागांत दिवसभर टंकलेखन करून घरीं आलेली मुलगी आणि तिच्याकडे येणारा एक कारकून आहे. त्यांच्या सहवासांत प्रेम नाहीं, तिरस्कारही नाहीं. तो निघून गेल्याचें तिला भानही पुरतें नाहीं. या भागाचें नांव भगवान् बुद्धांनीं गयेजवळ केलेल्या, सर्व इंद्रियें जळत आहेत अशा अर्थाच्या प्रसिद्ध उपदेशावरून घेतलेलें आहे. चौथ्या लहानशा भागांत एक फिनिशियन खलाशी बुडून मेलेला आहे.

मरण या कवितेंत आहे, परंतु तिचा खरा काळोख मरणाचा नाहीं. येथें माणसें एकमेकांच्या अगदीं जवळ आहेत. एका पुलावर आहेत, एका दालनांत आहेत, एका बाजेवर आहेत. आणि कोणी कोणास कांहीं विचारीत नाहीं. राजा व्यथित आहे व पाहुणा गप्प आहे. कवीची निराशा नेमकी कोठें आहे हें एवढ्यावरून कळतें. जगांत सुख नाहीं असें त्याचें म्हणणें नाहीं. दुःख विचारणारें कोणी उरलेलें नाहीं, हें त्याचें दुखणें आहे.

पांचव्या भागांत माणसांची गर्दी संपते आणि डोंगराळ ओसाड मुलूख उरतो. खडक आहे, पाणी नाहीं. गडगडाट होतो, पण तो कोरडा. मग दृश्य एकदम भारतवर्षांत येतें. गंगेचें पाणी खालीं गेलें आहे, पानें मलूल होऊन पावसाची वाट पाहत आहेत, आणि दूर हिमालयावर काळे ढग जमत आहेत. मृग लागण्यापूर्वींचे दिवस ज्यांनीं देशावर काढले आहेत त्यांस ही स्थिति समजावून सांगावयास नको. अशा वेळीं मेघ बोलतो, आणि तो एकच अक्षर बोलतो.

बृहदारण्यकाच्या पांचव्या अध्यायांतील ती कथा आमच्या पुष्कळ वाचकांच्या कानांवरून गेलेली असेल. (एलियट यांच्या टीपेंत तिचा आंकडा ५.१ असा पडला आहे. पाहूं इच्छिणारांनीं ५.२ पाहावें.) देव, मनुष्य आणि असुर हीं प्रजापतीचीं तिन्ही लेंकरें बापाजवळ ब्रह्मचर्यानें राहिलीं, आणि अखेर उपदेश मागूं लागलीं. प्रजापतीनें देवांस ‘द’ एवढेंच सांगितलें व समजलें काय म्हणून विचारलें. ते म्हणाले, समजलें. दमन करा असें आपण सांगतां. मनुष्यांसही तेंच अक्षर सांगितलें. ते समजले, दान करा. असुर त्याच अक्षरावरून समजले, दया करा. तिघांचेंही म्हणणें प्रजापतीनें मान्य केलें. मेघ गर्जतो ती याच उपदेशाची दैवी वाणी होय, असें उपनिषद् सांगतें. यावर श्रीशंकराचार्यांनीं भाष्यांत मोठा मार्मिक अर्थ सुचविला आहे. देव आणि असुर हे मनुष्यांहून निराळे कोणी मानण्याचें कारण नाहीं. माणसांतच जे इतर गुणांनीं युक्त पण असंयमी ते देव, जे लोभी ते मनुष्य, आणि जे क्रूर ते असुर. म्हणून हे तिन्ही उपदेश माणसानेंच घ्यावयाचे आहेत. एकच ध्वनि झाला; ज्याच्या ठायीं जें उणें होतें तें त्याला त्यांत ऐकूं आलें.

ही कथा एलियट यांस कोठें मिळाली, हें कळल्यावर मराठी वाचकास संतोष वाटल्यावांचून राहणार नाहीं. १९११ पासून हार्वर्ड येथें प्रोफेसर चार्ल्स लॅन्मन यांच्यापाशीं ते संस्कृत शिकले, आणि जेम्स वुड्स यांच्यापाशीं त्यांनीं पातंजल योगसूत्रांचा अभ्यास केला. गोव्यांत जन्मलेले आमचे धर्मानंद कोसंबी १९१० सालीं हार्वर्डला गेले ते याच लॅन्मन यांच्याबरोबर ‘विशुद्धिमार्ग’ या पाली ग्रंथाच्या आवृत्तीचें काम करण्यासाठीं. १९१२ सालीं लॅन्मन यांनीं एलियट यांस अठ्ठावीस उपनिषदांचें एक पुस्तक भेट दिलें. तें वासुदेवशास्त्री पणशीकर यांनीं संपादिलेलें व तुकाराम जावजी यांनीं १९०६ सालीं मुंबईस प्रसिद्ध केलेलें होतें. निर्णयसागराचीं असलीं पुस्तकें आमच्या कित्येक घरांत देव्हाऱ्याजवळच्या फळीवर आजही आहेत. या अभ्यासानें आपणांस ज्ञानाबरोबर गोंधळही पुष्कळ दिला, असें एलियट यांनीं पुढें १९३३ सालच्या एका व्याख्यानांत मोकळेपणानें सांगितलें. तेव्हां त्यांस उपनिषदांचे मोठे पंडित ठरविण्याचें कारण नाहीं. पण त्यांनीं मूळ ग्रंथ हातीं घेऊन वाचला होता, एवढें निश्चित.

उपनिषदांत दमन, दान, दया असा क्रम आहे. कवितेंत तो बदलून दान, दया, दमन असा केला आहे. प्रत्येक आज्ञेबरोबर कवितेंतील माणूस स्वतःची झडती घेतो. दान करा, आजवर काय दिलें? स्वतःला विसरून एखाद्या क्षणीं जें देऊन टाकलें तेवढेंच खरें. त्याची नोंद कोणाच्या मृत्युपत्रांत सांपडावयाची नाहीं. दया करा; पण प्रत्येकजण आपापल्या कोठडींत बंद आहे, आणि किल्लीचा विचार करतां करतां कोठडी अधिकच पक्की होत आहे. मनोऱ्यांत कोंडून उपाशी मारलेल्या डांटेच्या उगोलिनोची येथें कवीस आठवण आहे. दमन करा, कुशल हाताखालीं नाव जशी आनंदानें चालते, तसें एखादें हृदयही चाललें असतें, हांक आली असती तर. मराठी व्याकरणांत ज्यास आपण संकेतार्थ म्हणतों त्या अर्थाचें हें वाक्य आहे. हांक आली नाहीं, आणि हृदय चाललें नाहीं.

आतां यांत आशा कोणती? आमच्या समजुतीप्रमाणें ती आज्ञेंतच आहे. मेघ आश्वासन देत नाहीं. उद्यां पाऊस पडेल, सर्व ठीक होईल, असें तो कोणास सांगत नाहीं. तो द्या, दया करा, आवरा, असें सांगतो. आणि जें ऐकणाऱ्याच्या हातून होण्यासारखें नाहीं त्याची आज्ञा कोणी शहाणा बाप लेंकरास करीत नाहीं. चुकलेल्या माणसास अजून आज्ञा होत आहे याचा अर्थ त्याच्याविषयींची अपेक्षा संपलेली नाहीं. कवितेच्या अखेरीस एक माणूस पाण्याच्या कांठीं गळ टाकून बसला आहे. ओसाड मैदान त्याच्या पाठीमागें आहे, आणि निदान आपल्यापुरत्या जमिनीची व्यवस्था लावावी काय, असें तो स्वतःस विचारीत आहे. पाऊस पडल्याचें कवीनें कोठें म्हटलेलें नाहीं. पण पूर्वीं जो कोणी कांहीं विचारीत नव्हता तो विचारूं लागला आहे. यानंतर तीं तीन आज्ञापदें पुनः येतात आणि त्रिवार ‘शांतिः’ म्हणून कविता संपते. आध्यात्मिक, आधिभौतिक आणि आधिदैविक अशा तिन्ही तापांच्या निवारणासाठीं आपण ज्या ठिकाणीं हा शब्द उच्चारतों, त्याच ठिकाणीं, म्हणजे पाठाच्या शेवटीं, एलियट यांनीं तो ठेवला आहे.

यावर एक आक्षेप विचार करण्यासारखा आहे. हें संस्कृत उसनें आहे. कवि पुढें १९२७ सालीं इंग्लंडच्या ख्रिस्ती चर्चमध्यें गेला, उपनिषदांकडे आला नाहीं. शिवाय ही कविता म्हणजे आपलें खाजगी गाऱ्हाणें होतें, अशा अर्थाचे उद्गारही त्याच्या नांवावर नोंदलेले आहेत. मग आम्ही तिच्यांत एवढा अर्थ कां पाहावा? कवि कोणत्या देवळांत गेला हा त्याचा प्रश्न आहे. खाजगी गाऱ्हाण्याविषयीं म्हणाल, तर तुकोबांचे अभंग तरी दुसरें काय आहेत? १६३० च्या सुमाराच्या दुष्काळांत अन्नावांचून पत्नी गेली, व्यापार बुडाला, लोकांत मान राहिला नाहीं. तें सारें त्या अभंगांत आहे. समर्थांचीं करुणाष्टकें आपल्या घरांत तिन्हीसांजेस लहान मुलांकडून म्हणवून घेतात. त्यांतील हताशपणा मुलांच्या मनास अपाय करील अशी भीति कोणा आजोबांस वाटत नाहीं, कारण ती निराशा कोणापाशीं तरी बोललेली आहे हें त्यांस ठाऊक असतें. आधुनिक कवीची अडचण हीच कीं, बोलावयाचें कोणापाशीं, हें त्याला ठाऊक राहिलेलें नाहीं. आमच्या बा. सी. मर्ढेकरांनीं १९४७ सालच्या ‘कांहीं कविता’ या संग्रहांत यंत्रयुगाच्या शहरांतील विफलता मांडली, पण त्यासाठीं अनेक ठिकाणीं ओवी आणि अभंग हीं संतांचींच वृत्तें घेतलीं. नवें दुःख आणि जुनें वृत्त यांची ही जोड अनेकांस खटकली. आम्हांस त्यांत, हरवलेल्या श्रोत्याचा शोध दिसतो.

आतां ज्या घरगुती प्रश्नानें आरंभ केला त्याकडे येऊं. दहापंधरा माणसांच्या घरांत कोणी एकटें असूं शकेल, हें आपल्याला पटत नाहीं. जेवावयास पंगत आहे, निजावयास माजघर आहे, दुखलेंखुपलें तर औषध आणावयास चार माणसें आहेत. तरी परीक्षेंत मागें पडलेला मुलगा, नुकतीच घरांत आलेली सून, नोकरीवरून निवृत्त होऊन ओटीवर बसलेले काका, यांपैकीं कोणी महिनेच्या महिने मनानें कोठडींत असतें, आणि बाकीचे सभ्यपणानें गप्प असतात. विचारलेंच तर, तुला येथें कमी काय आहे, असें विचारतात. तो प्रश्न नव्हे. तें दार लावणें आहे. मुलाच्या हातीं निराशेच्या कवितांचें पुस्तक दिसलें तर तें काढून घेऊं नये. त्यानें कोणत्या ओळींखालीं रेघ ओढली आहे तें पाहावें, आणि त्यास काय होत आहे तें विचारावें. जें दुःख कवितेंत ओळखीचें वाटलें तें निदान बोलण्याजोगें झालें. मुक्या दुःखाचें भय अधिक. आणि दुःख बोलण्यापलीकडे गेलें असेल तर वैद्यांकडे जाण्यांत संकोच नसावा. एलियट यांसही विश्रांति आणि डॉक्टर हीं दोन्ही लागलींच.

तरुण वाचकांसही एक सांगणें आहे. काळोखाचीं वर्णनें तेवढीं पाठ करून थांबणें म्हणजे प्रामाणिकपणा नव्हे. ही कविता तिसऱ्या भागापाशीं मिटून ठेवणारास तिच्यांतील निराशाही अर्धीच कळते. मेघापर्यंत जावें, आणि त्याच्या अक्षरांत आपणांस काय ऐकूं येतें तें पाहावें. ज्या घरांत वडिलांस उपनिषद् येतें आणि मुलांस इंग्रजी येतें, त्या घरांत पांचवा भाग दोघांनीं मिळून एका संध्याकाळीं वाचण्यासारखा आहे. वडिलांनीं प्रजापतीची कथा सांगावी, मुलांनीं कवितेंतील तीन उत्तरें समजावून द्यावीं, आणि मग प्रत्येकानें आपला ‘द’ कोणता तें मनाशीं ठरवावें. पुढील महिन्यांत याच कवीच्या ‘फोर क्वार्टेट्स’ या उत्तरकालीन काव्याकडे वळण्याचा आमचा विचार आहे. तेथें त्यांस श्रीकृष्णाच्या उपदेशाची आठवण झालेली आहे.